फूटभर भिंत

आमच्या मिस्त्रींच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'न्हाई'. "मिस्त्री, उद्या पाया भरायचा ना?" "न्हाई. अजून मुरूम लागला न्हाई." "ही वाळू चालेल ना?" "न्हाई. निम्मी माती हाय." आमच्या अवसरी गावात त्यांना सगळे न्हाई मिस्त्रीच म्हणत. ते आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले. भात निघालं की खाली यायचे, घरं बांधायचे, आवणीला, म्हणजे भातलावणीला, परत जायचे. ज्यांची घरं ते बांधायचे ती माणसं त्यांना चहा द्यायची, पण ओट्यावर बसा म्हणायची नाहीत. मिस्त्री वाळूच्या ढिगावर बसून चहा प्यायचे.

आमच्या घरात मात्र समतेवरची पत्रकं गठ्ठ्यांनी पडलेली असत. वडील ती लिहायचे, मी वाटायचो. गाव वडिलांना भाऊ म्हणायचं. मुहूर्त, नवस, भावकीतला मानपान, सगळ्यावर त्यांनी कोरडे ओढलेले. मिस्त्रींना टेपवरचे आकडे वाचता येत, अक्षरं येत नसत, म्हणून चहाच्या वेळी मी त्यांना पत्रक वाचून दाखवायचो. ते शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "लई ब्येस लिवलंय. पन करायचं कदी?" मला तेव्हा हा विनोद वाटायचा.

गावात इंजिनिअरिंग कॉलेज नुकतंच आलं होतं. पोरांना खोल्या हव्या होत्या. धाकट्या चुलत्यांनी, आप्पांनी, आमच्या बंगल्याला लागून बांधकाम काढलं. खाली ट्रॅक्टर आणि पिकअप उभे राहतील असं गॅरेज, वर दोन खोल्या. मधे खांब नको, एकवीस फुटांचा मोकळा गाळा हवा. नकाशावर सही करणाऱ्या साहेबांनी जागा पाहिली नव्हती, त्यामुळे गर्डर कोणता आणि कसा, हे आप्पा आणि मिस्त्रींनीच ठरवायचं होतं.

मिस्त्रींनी फूटभर उंचीचा गर्डर सांगितला. आप्पांनी तो आणला, पण भिंती दहा फुटांवर येऊन थांबल्या होत्या. गर्डर उभा टाकला तर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली पिकअप त्याखालून जाईना.

"मंग आडवा टाक," आप्पा म्हणाले. "आडवा निम्माच खाली येतोय."

"न्हाई."

"आरं, लोखंड त्येच हाय ना?"

मिस्त्रींनी माझ्या कॉलेजच्या दप्तरातली फूटपट्टी मागून घेतली. दोन विटांवर ती आडवी ठेवली, अंगठ्यानं दाबली, पट्टी वाकली. मग तीच कडेवर उभी केली आणि सगळा भार देऊन दाबली. हलली नाही. "पट्टी तीच, आंगठा त्योच," ते म्हणाले. "आप्पा, भिंती फूटभर वर घ्या. न्हाईतर मधी खांब द्या."

"खांब दिला तर गाडी काय कुशीवर आत घालू व्हय?" आप्पा हसले, पण लगेच त्यांची नजर आमच्या बंगल्याच्या स्लॅबकडे गेली. आवाज उतरला. "आन् वर कसं घेनार? थोरल्याच्या वर धाकट्याचा स्लॅब गेला तर गाव तोंडात शेण घालंल."

म्हणजे अडचण लोखंडाची नव्हती. थोरला भाऊ म्हणजे माझेच वडील.

मिस्त्रींना आनंदच झाला. ते थेट आमच्या पडवीत आले, पहिल्यांदाच पायरी चढून. "भाऊ, आप्पा तुमच्या शब्दाला थांबल्यात. निस्तं 'चढव' म्हना."

वडील म्हणाले, "माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, मिस्त्री."

"म्हनूनच आलो. म्हना की मंग."

"आप्पाचं मनही पाहायला हवं. विचार करून सांगतो."

ते आत गेले. मी मागोमाग गेलो. आई काही बोलायच्या आत ते म्हणाले, "धाकट्यानं जरा खालीच राहिलेलं बरं." मी ऐकलं आणि गप्प राहिलो. गावापुढे खड्या आवाजात पत्रकं वाचणारा मी! त्या शांततेची शिसारी आजही जात नाही.

मिस्त्रींनी दोन दिवस वाट पाहिली. मग थापी, ओळंबा पोत्यात भरला. "वर कुनाची तरी पोरं झोपनार," ते म्हणाले, "माझ्या हातानं गर्डर आडवा पडनार न्हाई." दुसऱ्या टोळीनं तो आडवा टाकला. आप्पांनी गावभर सांगितलं, मिस्त्रीला मस्ती आलीय. त्यानंतर अवसरीत त्यांना कुणी विटेला हात लावू दिला नाही. वडिलांनी त्यावरही काही लिहिलं नाही.

वर चार पोरं राहायला आली. सहा महिन्यांत खोलीचं दार चौकटीत बसेना. आप्पांनी सुतार बोलावून दार तासून घेतलं. महिन्याभरात ते पुन्हा अडकलं. आप्पांनी पुन्हा तासायला सांगितलं, तेव्हा मी मोटरसायकल काढली आणि बेल्ह्याला मिस्त्रींच्या कामावर गेलो. दार अडकतंय एवढंच मी म्हणालो. त्यांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं.

त्याच दुपारी टेम्पोतून लोखंडी टेकू घेऊन ते आले. आप्पांशी वाद नाही, राग नाही. आधी जिना चढून पोरांना खाली आणलं. "पुस्तकं मागनं न्या रं, आदी तुमी चला." मग गर्डरखाली एकेक टेकू देत गेले. गर्डर मधोमध चार बोटं खाली वाकला होता. टेकू आवळताना प्लॅस्टरचा पोपडा सुटून त्यांच्या खांद्यावर पडला. ते हलले नाहीत.

वडील पडवीत उभे होते. म्हणाले, "वेळेवर आलात, मिस्त्री."

"येळ कवाच गेलीय, भाऊ," मिस्त्री त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

पुढं मधे खांब आला. पिकअप खांबाच्या एका बाजूनं आत जाऊ लागली. मिस्त्री बेल्ह्याला परतले. काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेले.

वडिलांनी तातडीनं पत्रक छापलं: 'निर्भीड श्रमिकास अभिवादन'. त्यात रूढींशी झुंज होती, श्रमाची प्रतिष्ठा होती. गर्डर नव्हता, भिंत नव्हती, पडवी नव्हती. गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाले, "दहाव्याला वाट."

मी डोंगरात गेलो. गठ्ठ्याची दोरी सोडली नाही. एकच प्रत वर काढली होती. मिस्त्रींच्या बायकोनं ती पाहिली. "भाऊंनी लिवलंय व्हय ह्यांच्यावर? वाच बाबा."

मी वाचू लागलो. पहिल्याच ओळीवर थांबलो. मग कागदावर नजर ठेवून जे छापलेलं नव्हतं ते मी वडिलांच्या नावानं वाचलं. भिंत फूटभर वर घ्यायची होती. मिस्त्री विचारायला आले होते. मला धाकट्याचा स्लॅब वर गेलेला सोसला नसता, म्हणून मी गप्प बसलो. त्यापायी चार पोरं मेली असती. मिस्त्रींचं काम गेलं ते माझ्यामुळं.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. कागद मागून घेतला, नीट घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला.

"एवढं कबूल करायला लई मोठं मन लागतं," त्या म्हणाल्या. "तुज्या वडलांना माजा नमस्कार सांग."