मेजर ऑपरेशन
स्पिरिटचा वास आला की बांगलादेशच्या लढाईनंतरच्या वर्षातला जालन्याचा दवाखाना आठवतो. आईच्या पोटात गाठ होती, आणि चिरफाडीला घाबरून बाबा तिला आमच्या गावी, टेंभुर्णीला, परत न्यायला निघाले होते. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "मेजर ऑपरेशन आहे, उशीर नको." बाबांचा चेहराच बदलला. आमच्या गावचा एक जवान सुटीवर आला की लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टर मेजरसाहेबांचं कौतुक सांगायचा. "ऐकलं का, मेजर करनार हायेत! लढाईतल्या जखमा शिवनारा मानूस. मंग कायची भीती?" असं आईला म्हणत त्यांनी होकार दिला. शाळेत मी 'मेजर' म्हणजे मोठं, गंभीर असं शिकले होते. पण खरं सांगितलं तर ते आईला घेऊन निघतील, म्हणून गप्प राहिले. आत नेताना आईने माझा हात ओढला. "मेजर म्हंजे लई मोठं, व्हय ना? तुह्या तोंडावर दिसून राह्यलं. बाबाला सांगू नको, त्येंचा धीर सुटंल." आई वाचली. परवा बाबा गेले, तर भेटायला आलेल्यांना ती त्या मेजरसाहेबांचीच गोष्ट सांगत होती.