लांडगीण व्याली
स्तानाला आज दुर्मितोर डोंगराखालच्या त्या गावात लांडगीण म्हणतात, ते मानानं. पहिल्यांदा म्हणाले ते मात्र नाक मुरडूनच.

तिची दोन बाळं पाळण्यातच गेली. चेटकिणींनी काळीज खाल्लं, असं सगळे म्हणाले. चेटकीण भिते ती फक्त लांडग्याला. म्हणून अशा घरात पुढचं मूल झालं की म्हातारीनं दारात उभं राहून गावाला ओरडून सांगायचं, लांडगीण व्याली, लांडगा झाला. मग पोराला नावही लांडग्याचंच ठेवायचं.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. सासूनं, योकानं, तिला पुसलं, गुंडाळलं आणि चुलीपाशी लोकर विंचरायला बसली.

"आत्याबाई, दारात जाताय ना?"

"कशाला?"

"ओरडायला. पुढच्या लेकराला लांडग्याचं नाव देऊ म्हणाला होतात."

"नातवाला म्हणाले होते. पोरीसाठी कुणी घसा फोडतं होय? लोक हसतील मला!"

हीच योका कोंबडीनं अंडं घातलं तरी घरोघर सांगत फिरायची. स्तानाचा नवरा ओब्रेन चुलीत लाकडं सारू लागला.

स्ताना भिंतीला धरून उठली. बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिथली रीत.

"अगं ए, मागे फीर! विटाळ नेशील गावभर!"

"नेते. दोन पोरं गुपचूप पुरली मी. ही गुपचूप नाही जायची."

ती थेट अंगणात गेली. आवाज खणखणीत होता. "ऐका हो! लांडगीण व्याली! लांडगीणच झाली! जगाला कळू दे, लेकराला आयुष्य मिळू दे!"

शेजारचा मिलिया कुंपणावरून खिदळला. "लांडगीण? कोण बुवा ती?"

"मी! ये जवळ, दात दाखवते."

मिलिया काही जवळ आला नाही. मुलीचं नाव स्तानानं वुकोसावा ठेवलं. त्या नावात 'वुक' आहे, म्हणजे लांडगा. योकानं मात्र सुनेशी बोलणंच टाकलं.

हिवाळ्यात पोरीला ताप चढला. अंग नुसतं भाजत होतं. स्तानानं तिला मेंढीच्या कातड्यात घेतलं होतं. तिचा स्वतःचा घसा रडून पार बसला होता. पोर दूध घेईना, तेव्हा स्तानालाही धीर धरवेना. उजाडता उजाडता योका चुलीजवळून उठली. तिनं दार सताड उघडलं. बाहेर गुडघाभर बर्फ होतं, त्यात ती अनवाणी उतरली.

"ऐका गं चेटकिणींनो! माझी नात लांडगीण आहे! तिची आई लांडगीण आहे! आणि मी थोरली लांडगीण इथं उभी आहे! हात तर लावून बघा!"

आवाज चिरकला, तरी ती पुन्हा पुन्हा ओरडत राहिली. घरोघरची दारं उघडली. मिलियाही कुंपणापाशी आला, आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

दुपारी वुकोसावानं दूध मागितलं. योकाला त्यानंतर आठवडाभर बोलता आलं नाही, आणि गावात कुणीही हसलं नाही.