कर्नलसाहेबांचा होकार

माझे सासरे तोफखान्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले. तोफांनी त्यांचे कान पार निकामी केले होते, पण हे कबूल करायला ते तयार नसत. चष्म्याचं त्यांना काही वाटत नसे, कवळीचंही नाही. कानाच्या मशीनचा विषय निघाला की मात्र मान ताठ व्हायची. "मला व्यवस्थित ऐकू येतं. तुम्हीच लोक पुटपुटता."

त्यांचे खरे कान म्हणजे सासूबाई. पाहुणे काही बोलले की त्या तेच वाक्य जरा मोठ्यानं, आपलंच असल्यासारखं म्हणायच्या. "म्हणजे मुलगी बँकेत लागली म्हणा की!" मग सासरे रुबाबात म्हणायचे, "बँक उत्तम." त्या शेजारी नसल्या की हे कशालाही "हो हो, करतो" म्हणून मोकळे व्हायचे. अशानंच ते एकदा पाण्याची टाकी साफ करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. लोक शिडी घेऊन दारात आले तेव्हा त्यांना ते कळलं.

सासूबाई फुप्फुसाच्या दुखण्यानं इस्पितळात होत्या. एका दुपारी माझी बायको औषधं आणायला खाली गेली होती. सासूबाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याचा हात धरून काहीतरी म्हणाल्या. ह्यांनी सवयीनं मान डोलावली. "हो हो, करतो." संध्याकाळी त्या गेल्या.

बऱ्याच दिवसांनी सासरे एकदा जेवता जेवता थांबले आणि लेकीला म्हणाले, "तुझ्या आईला मी शब्द दिलाय. कसला ते मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"ऐकू आलं नाही. 'परत सांग' म्हणायला लाज वाटली. तिच्यासमोरसुद्धा."

बायको ताटावरून उठून आत गेली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मशीन घेतलं. मग सासूबाईंनी आयुष्यभरात जे जे मागितलं आणि आपण टाळलं, ते आठवून आठवून करायला लागले. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करून घेतली. मी चित्रकलेचा शिक्षक. 'हे काय पुरुषाचं काम आहे का,' असं ते माझ्या लग्नात चारचौघांत म्हणाले होते. त्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. मला कुठे बघावं ते कळेना.

शेवटी मला घेऊन ते मेव्हणीकडे, सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे गेले. कुठल्याशा भांडणावरून तिला त्यांनी घराचं दार बंद केलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई कुठली शब्द मागतेय, भावोजी," ती म्हणाली. "घसा सुकला असेल तिचा. पाणी मागितलं असेल."

ती सहज बोलून गेली. ह्यांच्या कानात मशीन होतं, सगळं स्वच्छ ऐकू आलं. परतताना गाडीत एकच वाक्य बोलले, "पाण्याचं भांडं माझ्या हाताशी होतं हो."

दोन वर्षांनी त्यांच्या हृदयानं दगा दिला. त्याआधी त्यांनी लेकीला बजावलं होतं, मला सलामी वगैरे काही नको, मी त्या लायकीचा नाही. तरी त्यांच्या जुन्या पलटणीतला एक तरुण अधिकारी चार जवान घेऊन आला. आदबीनं म्हणाला, "मॅडम, साहेबांचा तो हक्क आहे."

"त्यांनी नको म्हटलंय," बायको म्हणाली.

"कारण विचारू का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरचंच आहे."

त्यानं जवानांना खूण केली. जवानांनी बंदुका गाडीत ठेवल्या आणि खांदा द्यायला आले.