धायरीहून विश्रांतवाडीची शाळा

कचेरीच्या फाटकाबाहेर बसून मी कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि माझ्या मसुद्यात दुरुस्ती सुचविण्याचे धाडस वकीलही सहसा करीत नाहीत. ते एका आठवीतल्या मुलीने केले.

धायरीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई तिला घेऊन आल्या होत्या. मुलीला वडील नाहीत. आई क्षयाच्या दवाखान्यात. ती बरी होईपर्यंत मुलीला बालकल्याण समितीने या बाईंकडे सांभाळायला दिले होते. दत्तक नव्हे, प्रतिपालकत्व. मुलगी त्यांना मावशी म्हणे. तिची शाळा मात्र विश्रांतवाडीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कचेरीचे म्हणणे, घराजवळची शाळा घ्या. मुलीचे म्हणणे, घर बदलले तेवढे पुरे.

सहीपूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा, हा आमच्या धंद्याचा दंडक. ‘दैवाने छत्र हिरावलेली, सर्वस्वी अनाथ बालिका’ येथवर आलो, तोच ती म्हणाली, “काका, मी अनाथ नाही. आई आहे मला.”

“बाळ, अर्जात तसेच लिहितात. साहेबांना पाझर फुटायला हवा.”

“साहेब काय नळ आहेत?” मावशी म्हणाल्या. “काढा ते.”

“अहो बाई, त्याच वाक्यावर अर्ज उभा आहे.”

“मग पडू दे.”

मी मुलीकडे पाहिले. “काय लिहू, तूच सांग.”

“लिहा, की मला कुठं अडतं ते गणिताच्या बाईंना माहीत आहे. नव्या शाळेत सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. घरचंसुद्धा.”

तसेच लिहिले. इतका उघडाबोडका अर्ज माझ्या हातून पूर्वी गेला नव्हता.

दुपारी दोघी परतल्या. आई हयात आहे, तर तिची लेखी संमती आणा, असे आतून सांगण्यात आले होते.

“लिहा दुसरा,” मावशी बाकावर टेकत म्हणाल्या. “आणि वाचायला तुम्हीच चला. हिच्या आईला हल्ली अक्षर लागत नाही.”

दंडक तो दंडक. दुसऱ्या दिवशी धंदा बुडवून, तोंडाला फडके बांधून, मी दवाखान्यात त्या आईच्या खाटेशी उभा राहिलो. मुलीला आत सोडले नाही. ती व्हरांड्यात थांबली. आईने खोकला आवरत शेवटपर्यंत ऐकले आणि मला नव्हे, मावशींना विचारले, “दोन बस होतात ना तिला?”

“पहिलीत मी बसवते. दुसरी ती बरोबर पकडते.”

“जेवते का वेळेवर?”

“डबा रिकामा आणते.”

मग तिने सही केली.

परवानगी आली, ती चालू वर्षापुरती. नववीसाठी जूनमध्ये हे सारे पुन्हा करावे लागेल, असे मी मावशींना समजावून सांगितले.

“करू की,” त्या म्हणाल्या, आणि मुलीची बस यायची वेळ झाली म्हणून उठल्या.