राखेतलं जोडवं

नातवंडांनो, आज चांदी घासताना एक काळं, वाकडं जोडवं हाती आलं. माझ्यानंतर तुम्ही ते भंगारात टाकाल, म्हणून आत्ताच सांगते.

ते तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचं. वन्सं जासईच्या मिठागरात राबल्या. हत्तीरोगानं पाय वर्षानुवर्षं सुजत गेला, उपचार झालेच नाहीत. "सोंड उगवली की गणपतीत मलाच बसवा," असं म्हणून हसायच्या. डॉक्टर आले त्या दुपारी मात्र अंगात ताप फणफणला होता. सालीसारख्या फुटलेल्या कातडीतून पाणी गळत होतं आणि जोडवं बोटात रुतलं होतं. तो कुजका, गोडसर वास फिनेलनंही दबत नव्हता.

पनवेलहून आणलेले डॉक्टर म्हणाले, "हे जोडवं कापायलाच हवं. विष अंगात चढतंय."

"नवरा जिता हाय माजा. हात लावू नको."

त्यांचे यजमान पायाशीच बसले होते. "मीच सांगतो, काडू दे गं."

"तुमी हाव तवर नाय."

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता वाटतं, पाय गेल्याचं त्यांना केव्हाच कळलं होतं. सवाष्ण मरणं तेवढं हातात उरलं होतं. आठवड्याच्या आत त्या गेल्या.

यजमानांनी राखेतून जोडवं वेचून माझ्याकडे दिलं. आता तेही नाहीत. कितीही घासलं तरी ते उजळत नाही. देवघराच्या खालच्या खणात ठेवलं आहे.