आत्याच्या डोक्यावर माझी बॅग

चालण्याचा शेवटचा दिवस; धबधबा दुपारपर्यंत येणार होता. मंचेरियलहून निघालेला आमचा पायी चालणाऱ्यांचा गट इंद्रवेल्ली मागे टाकून बाजारहत्नूरच्या बाजूच्या शेतांमधून चालला होता. बाकीचे सगळे हैदराबादचे, ऑफिसांत काम करणारे. मीही तिथेच नोकरी करते, म्हणून ते मलाही तिथलीच समजत होते. मी ते खोडून काढलं नव्हतं. कोणी विचारल्याशिवाय मी सहसा काही सांगत नाही.

गटाचा नियम एकच: आपली बॅग आपल्या पाठीवर, शेवटपर्यंत. ज्यांना जमलं नाही त्यांच्या बॅगा मागच्या जीपमध्ये गेल्या आणि जेवताना त्यांची थट्टा झाली. माझी गेली नव्हती. शाळेत मी कधी मैदानात उतरले नाही, स्टेजवर चढले नाही. हे एक काम मी पुरं करत आणलं होतं आणि टाचेचे फोड फुटले तरी बॅग मला कोणाला द्यायची नव्हती.

वाट आत्याच्या गावातून जाते हे नकाशात मी आधीच पाहिलं होतं. कापूस वेचणीचे दिवस, बाया शेतात असतील, गाव रिकामं सापडेल, असं मी धरून चालले होते. गावाच्या आधी शेतंच लागतात, हे माझ्या लक्षात आलं नाही.

"कोन हाय वो ते? मास्तरची पोर नाही काय?"

आत्या कापसाच्या ओळीतून थेट आमच्याकडे आली. कमरेला बांधलेली ओटी वेचलेल्या कापसाने फुगलेली. गटातल्या एकीने तिचा फोटो काढायला फोन वर केला होता.

"ही माझी आत्या आहे," मी इंग्रजीत म्हणाले. फोन खाली गेला. तू इथली आहेस का, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"पायी काऊन? मोटर नाही भेटली?"

"चालतच आलो, आत्या. मंचेरियलपासून."

ती हसली. "मस्करी करून राह्यली." मग तिचं लक्ष माझ्या टाच उचलून लंगडण्याकडे गेलं आणि हसू थांबलं. "बापाले माहीत हाय?"

"ऑफिसचं ट्रेनिंग आहे." पप्पांना मी हेच सांगितलं होतं.

"चालाचं शिकोते काय बाप्पा तुह्या ऑफिसात!"

तिने ओटी बांधावरच्या ढिगावर रिकामी केली, माझ्या पाठीवरची बॅग ओढून घेतली, पदराची चुंबळ केली आणि बॅग डोक्यावर ठेवली. मी "नको, मीच घेते" म्हणेपर्यंत ती चालायलाही लागली होती. बॅगेचे पट्टे तिच्या दोन्ही कानांशी लोंबत होते.

"शेवटच्या दिवशी हिला हमाल मिळाला!" मागून कोणीतरी इंग्रजीत म्हणालं. त्यात वाईट हेतू नव्हता. सगळे हसले. सगळे हसले म्हणून आत्याही मागे वळून हसली.

बॅग मागितली तर आत्याचा अपमान, नाही मागितली तर नियम मोडला, आणि माझं तोंड तापलं होतं ते या दोन्हीपेक्षा वेगळ्याच कारणाने.

गाव लागलं. निळ्या झेंड्याजवळ नळावर दोघी-तिघी होत्या.

"कोन पाहुणी वो?"

"आमच्या मास्तरची पोर. हैदराबादेत ऑफिसर हाय. यायची मोटर बिघडली वाटेत."

पुढच्या घरी कोणी विचारलंही नाही, तरी तिने ओट्यावरच्या म्हाताऱ्याला तेच ओरडून सांगितलं. त्याच्या पुढच्या घरीही.

"आत्या, मोटर नव्हतीच. बॅग दे ना."

"चूप चाल. शिवेवर देतो."

पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायचं आणि तोवर त्याचं सामान त्याला उचलू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिथे आक्षेप घेता येत नाही. गट पुढे निघून गेला होता. शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली कोणी नव्हतं. आत्याने बॅग उतरवली.

"लाज वाटली नं, मी घेतली त?"

"नाही."

"मले वाटली," ती म्हणाली. "ह्याच रस्त्यानं वझं घेऊन आमी मजुरीले जात होतो. तुहा बाप शिकला म्हनून ते सुटलं. अन् त्याची पोर पाठीवर वझं घेऊन, लंगडत, गावातून गेली असती त..."

बॅग तिने स्वतःच माझ्या पाठीवर चढवली. छातीवरचं बक्कल तिला कळेना. मी लावू लागले तर माझा हात बाजूला केला आणि लावूनच सोडलं. "पुढं मोटर भेटली त बसजो," म्हणाली आणि वेचणीकडे परत गेली.

मोटर भेटली नाही, मी शोधलीही नाही. धबधब्याशी गटप्रमुखाने ज्यांनी बॅग शेवटपर्यंत वाहिली त्यांना एका रांगेत उभं केलं. मी मागे राहिले, तर "तेवढं आम्ही धरत नाही" म्हणत त्याने मला ओढून घेतलं. टाळ्या वाजल्या. फोटोत मी खाली पाहते आहे.

संध्याकाळी पप्पांचा फोन आला.

"आत्या म्हणत होती, तुमची गाडी बिघडली. झाली का दुरुस्त?"

मागे पाणी कोसळत होतं आणि सगळे ओरडत होते. ते त्यांना ऐकू जात असणार.

"झाली," मी म्हणाले.

"बरं. टाचेला हळद लाव."