वन्संचं ताट

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, बँका तपासायच्या. गल्लीबोळातल्या छोट्या सहकारी बँका. ठेवी वाढल्याचं त्यांना काडीचं कौतुक नसायचं. "अगं, ठेव म्हणजे लोकांचे पैसे. दिलेलं कर्ज परत येतंय का, ते बघायचं," म्हणायच्या. जुनं कर्ज फेडायला त्याच माणसाला नवं दिलेलं दिसलं, की बँक आतून पोखरलेली.

पण अमुक बँक कशी आहे विचारा, मिठाची गुळणी! सख्ख्या भावालासुद्धा ब्र नाही. मग आम्ही चोरवाट काढली. त्यांचं ताट बघायचं. बँक बरी निघाली की वन्सं चाटूनपुसून जेवायच्या, वाईट निघाली की भात चिवडत बसायच्या. "काय ताई, आज कोणाचं दिवाळं?" असं हे चिडवायचे. "गप रे मेल्या," त्या म्हणायच्या.

हे घड्याळं दुरुस्त करायचे. एक डोळा गेलेला, दुसरा चाललेला. ऑपरेशनसाठी दुकान विकलं आणि तारीख मिळेपर्यंत पैसे कोपऱ्यावरच्या बँकेत थोड्या मुदतीवर ठेवले. नेमक्या त्याच बँकेत वन्सं तपासणीला आल्या.

काम संपवून आमच्याकडे जेवायला आल्या, तेव्हा ह्यांनी सरळच विचारलं, "ताई, ठेव आत्ताच मोडू का? व्याज जाईल, जाऊ दे."

"तुझे पैसे, तू ठरव," असं म्हणून त्यांनी ताट पुढे ओढलं.

काय जेवल्या, बाई! भात पुन्हा मागून घेतला, भाजीची वाटी निपटली. ह्यांनी मला डोळ्याने खुणावलं. माझाही जीव भांड्यात पडला. ठेव तशीच राहिली.

थोड्याच दिवसांत बँकेच्या दारावर नोटीस लागली. पैसे काढायला बंदी. हे काउंटरपाशी हात जोडून उभे राहिले, पण कारकून तरी बिचारा काय करणार? वन्संनी बांगड्या मोडल्या, कर्ज काढलं, पैसे घेऊन धावत आल्या. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी यायला हवं होतं."

मी त्यांच्यावर तुटून पडले. "बोलायचं नव्हतं, नका बोलू! पण जेवलात कशाला? उपाशी उठायचंत!"

"उठले असते तर तुम्हाला कळलं असतं," त्या म्हणाल्या. "तू बहिणीला सांगितलं असतंस, तिने शेजारणीला. दारात रांग लागली असती. पुढचे पैसे घेऊन गेले असते, मागच्यांचे बुडाले असते. त्यांना मी काय तोंड दाखवलं असतं?" मग म्हणाल्या, "घरी जाऊन सगळं ओकले गं."

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, आणि माफही करवत नाही. जळो मेलं ते व्याज.

अजूनही रविवारी येतात. ह्यांच्या शेजारी बसतात. घास उचलतात, तोंडाजवळ नेतात, परत ठेवतात.

"ताई, जेवतेस ना?" हे विचारतात.

"जेवते रे. भाजी छान झालीय," म्हणतात आणि चमचा ताटावर वाजवतात.

हे ऐकून खूश होतात. मग ते भरलेलं ताट मी आवाज न करता उचलते.